पर्वतीच्या पायथ्याचे पाळणाघर: तीन वर्षांचा अनुभव

जून 2022 ते मे 2025 अशी तीन वर्षे माझी मुलगी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतील एका पाळणाघरात होती. ती तेथे गेली तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती आणि निघाली तेव्हा स्वतःचा डबा स्वतः धुऊन पालथा घालण्याइतकी मोठी झाली होती. महिला बचत गटातील तीन स्त्रिया हे पाळणाघर चालवतात. त्यांना मी येथे मोठ्या ताई, धाकट्या ताई आणि मावशी असेच म्हणणार आहे. पाळणाघराचे नाव आणि गल्ली मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे त्यांच्या घरातील काही गोष्टी येणार आहेत आणि त्या लिहिल्याशिवाय या सेवेबद्दल खरे असे काहीच लिहिता येणार नाही.

माझे काम एरंडवण्यातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे आणि यजमान भोसरीच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. कायद्याप्रमाणे मिळणारी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पुढे काय, हा प्रश्न होताच. तेव्हा लागू असलेल्या, 2017 मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागत होती आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे लागत होते. आमच्या लॅबमध्ये पन्नास माणसे नाहीत, त्यामुळे ती तरतूद आमच्यापर्यंत पोहोचली नाही. काही महिने सासूबाईंनी सांभाळले. त्यांचे गुडघे थकल्यावर आम्ही एका चकचकीत डे-केअरमध्ये नाव घातले. तेथे मोबाइलवर कॅमेरा दिसत असे, भिंतींवर सुंदर चित्रे होती आणि फी आमच्या ऐपतीच्या अगदी काठावर होती. परंतु चार महिन्यांत मुलांना सांभाळणाऱ्या तीन मुली बदलल्या. जेमतेम ओळख झालेले माणूस एके दिवशी अचानक दिसेनासे होते, हे नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला आपण कसे समजावणार? मुलगी रात्री दचकून उठू लागली. चौकशी केली तेव्हा त्या मुलींचे कामाचे तास आणि पगार किती आहेत ते कळले आणि त्या का टिकत नाहीत तेही कळले. पाळणाघर निवडताना तेथील बायका किती दिवसांपासून काम करत आहेत, हे सर्वांत आधी विचारायचे असते, हा धडा मला तेथे मिळाला.

वस्तीतील पाळणाघराची माहिती आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी दिली. त्यांचा नातू तेथे होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जागा पाहून मन थोडे मागे सरले, हे प्रामाणिकपणे सांगते. सुमारे दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली, वर पत्रा, एका कोपऱ्यात ओटा, बाहेर अरुंद व्हरांडा आणि त्याला लाकडी फाटक. स्वच्छतागृह बाहेर तीन पायऱ्या उतरून. मात्र फरशी लख्ख होती, सतरंज्या उन्हात वाळत घातलेल्या होत्या आणि दोन तान्ही मुले झोळीत शांत झोपलेली होती. मोठ्या ताईंनी मला काही विचारण्याआधी मुलीला उचलून घेतले आणि तिच्या मानेवरच्या घामोळ्याकडे पाहून विचारले, "हिला दुपारी पंखा लागतो की वारा चालतो?" त्या डे-केअरमध्ये चार महिन्यांत मला असा एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता.

वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. मुले चौदा, त्याहून अधिक घेत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा महिन्याला 2,500 रुपये फी होती, त्यात दुपारचे जेवण आणि चार वाजताचे खाणे धरलेले होते.

या पाळणाघराची सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे शेजारच्या अंगणवाडीशी त्यांनी जमवलेली जोड. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना धाकट्या ताई सकाळी दोन गल्ल्या पलीकडे अंगणवाडीत नेतात. त्यासाठी त्यांच्याकडे सुती दोर आहे. त्याला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या आहेत आणि प्रत्येक गाठीला एका जुन्या साडीच्या काठाची वेगवेगळ्या रंगाची पट्टी बांधलेली आहे. ज्याची जी पट्टी त्याने तीच धरायची. समोरून दुचाकी आली की ताई "भिंत!" म्हणतात आणि सगळी मुले दोर न सोडता भिंतीला पाठ लावून उभी राहतात. माझ्या मुलीची पट्टी मोरपंखी होती. आजही रस्त्यात मोठी गाडी आली की ती आपोआप भिंतीकडे सरकते.

अंगणवाडी म्हणजे केवळ खिचडीचे ठिकाण, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो, माझाही होता. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि पूरक आहाराबरोबरच लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असल्यास पुढच्या उपचारासाठी दवाखान्यात पाठवणे), आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण ही कामे तिच्यात आहेत. वस्तीतील सेविका दर महिन्याला मुलांचे वजन आणि उंची घेतात आणि कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेर मोजण्याच्या रंगीत पट्टीने दंड मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आले तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळे, त्याच्या वर हिरवे. पाळणाघरातील एका दीड वर्षाच्या मुलाचा दंड पिवळ्यात आला, तेव्हा सेविकेने ते त्याच दिवशी मोठ्या ताईंना सांगितले आणि त्या मुलाच्या वाटीत पुढचे अडीच महिने तुपाचा चमचा आणि अर्धे अंडे वेगळे पडत राहिले. त्या मुलाची आई धुणीभांडी करते आणि तिला महिन्याच्या मापाच्या दिवशी कामावरून येणे शक्य नसते. ही साखळी जमली नसती तर ते पिवळे कोणाच्या लक्षात आले असते?

जेवण साधे पण विचारपूर्वक असते. वरणभात, पालेभाजीची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, आठवड्यातून दोनदा अंडे, चार वाजता शेंगदाण्याची चिक्की किंवा केळे. लहानांसाठी चिक्की कुटून. खेळणी विकतची थोडीच. खेळण्याचे बहुतेक सामान चिंचोके, नारळाच्या करवंट्या, दोऱ्याची रिकामी रिळे आणि बांगड्या असे आहे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवताना परिसरातील वस्तूंचीच साधने केली होती, त्याच वाटेने जाणारे हे काम आहे. चिंचोके लहान मुलाच्या घशात जाऊ शकतात, ही माझी धास्ती मी बोलून दाखवली, तेव्हा मावशींनी मला डबा दाखवला. त्याच्या झाकणावर खडूने 60 लिहिलेले होते. चिंचोके फक्त तीन वर्षांपुढील मुलांनाच आणि ओट्याजवळच्या सतरंजीवरच मिळतात. खेळ संपला की मोजून साठ भरल्याशिवाय कोणी उठत नाही. मुलांना अंकओळखही त्यातूनच झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तिन्ही स्त्रिया याच वस्तीत राहतात आणि तिघींचे स्वतःचे संसार आहेत. मोठ्या ताईंच्या घरी मधुमेही सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. धाकट्या ताईंना पाच वर्षांचा मुलगा आणि नवरा रिक्षा चालवणारा. मावशी एकट्या, पण लेकीच्या दोन मुलांची शाळेची तयारी सकाळी त्याच करतात. तिघी पहाटे उठून पाणी भरतात, घरचा स्वयंपाक करतात, डबे देतात आणि मग पाळणाघरात येऊन पुन्हा स्वयंपाक, पुसणे, धुणे आणि मुलांना भरवणे करतात. संध्याकाळी घरी गेल्यावर तेच काम तिसऱ्यांदा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 88. या आकड्यात पाळणाघरातील दहा तास मिळवले तर मोठ्या ताईंच्या झोपेला किती वेळ उरतो, याचा हिशेब मी एकदा मांडला आणि पुन्हा मांडला नाही. त्यातही काम सारखेच असल्यामुळे घरच्यांना ते काम वाटत नाही. "दिवसभर पोरांतच तर असतेस," हे वाक्य धाकट्या ताईंना मी उपस्थित असताना ऐकावे लागले आहे.

2024 च्या जुलैमधील एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यामुळे नदीपात्रातील भिडे पूल बंद होता आणि सगळी वाहने म्हात्रे पुलावर आली होती. मी बसमध्ये अडकले, मोबाइलची बॅटरी संपली आणि पाळणाघरात पोहोचले तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. बाकी सगळी मुले गेलेली. मोठ्या ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझी मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि त्या कानाला लावलेल्या फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. "निळ्या झाकणाची घे. बारावर आण काटा. हवा काढलीस का? पोटाला दे, हाताला नको. दिल्यावर आजीला लगेच ताट वाढ, थांबायचं नाही." त्यांची मुलगी, जी तेव्हा नुकतीच दहावीत गेली होती, आजीला इन्सुलिन देत होती. रोज सात वाजता हे काम ताई स्वतः करत. माझी मुलगी जागी होऊ नये म्हणून त्यांनी मांडी हलवली नव्हती. मी क्षमा मागितली, त्या "असू द्या, पाऊसच तसा आहे" म्हणाल्या आणि कुलूप लावून जवळजवळ पळतच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतले. "चिऊची आई, उशीर होतो हे मला कळतं. फोन केलात तर मी थांबेन, कधी नाही म्हटलंय का? पण काही न कळता थांबले तर घरी मी काय सांगू? काल पोरीचा हात थरथरत होता म्हणे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्याकडे उत्तरही नव्हते. दोन वर्षे मी त्या पाळणाघराची स्तुती करताना "वेळेचं फार धरून बसत नाहीत" असे मोठ्या कौतुकाने सांगत आले होते, आणि ती सवलत कोणाच्या घरातून येत होती हे मला त्या दिवशी कळले.

त्या महिन्यात आम्ही पालकांची बैठक घेतली. पाळणाघराचा जमाखर्च प्रथमच सर्वांसमोर मांडला गेला. चौदा मुलांचे 35,000 रुपये येत होते. भाडे आणि वीज 6,500, किराणा, दूध, गॅस आणि साबण मिळून 9,500. उरलेले 19,000 तिघींत वाटले की एकीच्या हाती साडेसहा हजारही पडत नव्हते. बैठकीत बराच वाद झाला. फी वाढवणे काही घरांना खरोखरच जड होते. शेवटी फी 3,000 झाली आणि ज्या दोन घरांना परवडत नव्हती त्यांच्या वाढीचा भार इतर चौघांनी वाटून घेतला. साडेसहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला 50 रुपये, तेही गटाच्या पेटीत न जाता थांबणाऱ्या ताईच्या हातात. प्रत्येकीला महिन्यात दोन भरपगारी सुट्ट्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखादी सुट्टीवर असताना तिच्या जागी येणारी बदली बाई. मावशींच्या लेकीला महिनाभर शिकवून तयार केले आणि तिच्यासाठी महिन्याला 2,000 बाजूला ठेवले. तरीही तिघींना आठ-आठ हजार मिळू लागले. ही रक्कम अजूनही कमीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बदलीची गरज आम्हाला आधीच कळायला हवी होती. आदल्या वर्षी धाकट्या ताईंच्या मुलाला डेंग्यू झाला आणि त्याच आठवड्यात मावशींना ताप आला, तेव्हा पाळणाघर दोन दिवस बंद राहिले होते. माझे दोन दिवसांचे पैसे कापले गेले आणि मी चिडले होते. धाकट्या ताई मात्र ससून रुग्णालयाच्या वॉर्डात मुलाच्या प्लेटलेट्सच्या आकड्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. बदली आल्यापासून मे 2025 पर्यंत पाळणाघर एकही दिवस अचानक बंद राहिले नाही. पालकांचा ज्यात फायदा झाला ती ही सोय त्या बायकांच्या रजेतून आली.

धाकट्या ताईंचे दुसरे बाळंतपण याच काळात झाले. त्या कोणाच्याही नोकरीत नसल्यामुळे 26 आठवड्यांच्या रजेचा प्रश्नच नव्हता. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये मिळतात. त्यांना मुलगा झाला, त्यामुळे तेही नाहीत. गटाने तीन महिने त्यांचा अर्धा हिस्सा चालू ठेवला आणि चौथ्या महिन्यात त्या बाळाला घेऊन कामावर आल्या. त्या आपल्याच बाळाकडे अधिक लक्ष देतील अशी कुजबुज काही पालकांत झाली. मी पाहिले ते नेमके उलट होते. दुपारी तीन तान्ही एकदम रडू लागली की त्या आधी दुसऱ्यांच्या दोघांना घेत आणि स्वतःचे बाळ शेवटी. एकदा त्याला पदराखाली घेतल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "ह्याला वाटत असेल, आई असून नसल्यासारखी," त्या म्हणाल्या. त्यावर मोठ्या ताईंनी नियमच केला, की जो आधी रडला तो आधी, मग तो कोणाचाही असो. हा नियम अजून चालू आहे आणि तो मला फार योग्य वाटतो.

अंगणवाडीच्या सेविका मोठ्या ताईंच्या जाऊबाई आहेत, म्हणून त्यांचेही दिवस आम्हाला जवळून दिसले. 2023 च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन 8,325 वरून 10,000 आणि मदतनिसांचे 4,425 वरून 5,500 झाले. मानधन हा शब्दच असा आहे की त्यात पगाराचे हक्क येत नाहीत. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर अंगणवाड्यांचा 52 दिवस संप चालला. जाऊबाई मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला गेल्या तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा दुपारी आमच्या पाळणाघरात जेवायचा आणि सकाळी अंगणवाडीत जाणारी मुलेही दिवसभर तेथेच असायची. मोठ्या ताईंनी त्या दोन महिन्यांचे एक पैसाही जास्त घेतले नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "ती तिकडे आमच्याचसाठी बसलीय ना?" सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा (काम सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) कायदा लागू होतो असा निकाल दिला आहे. पाळणाघराच्या तिघींना मात्र असा कोणताच निकाल लागू होत नाही. कारखान्याच्या, कार्यालयाच्या किंवा सरकारच्याही हजेरीपटावर त्यांचे नाव नाही, आणि त्यांच्या जिवावर चौदा घरांतील आया आपापल्या हजेरीपटावर सही करतात.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. पावसाळ्यात पत्रा दोन ठिकाणी गळतो आणि त्या भागात झोळी बांधता येत नाही. स्वच्छतागृहाच्या पायऱ्या ओल्या असतात; तेथे कठडा बसवून द्या असे जागामालकाला तीनदा सांगूनही तो बसलेला नाही, म्हणून मुलांना एकेकाला हात धरूनच न्यावे लागते. मूल दिवसभर किती जेवले, किती झोपले याची लेखी नोंद मिळत नाही, तोंडी विचारावे लागते. आजारी मुलाच्या औषधासाठी तरी वही असावी, असे माझे ठाम मत आहे. औषधाची मात्रा आम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून देत असू. जागेला मी पाचपैकी तीन गुण देईन. मुलांना मिळणाऱ्या मायेला आणि शिस्तीला पाचपैकी पाच, त्यात अर्धाही कमी करणार नाही.

मोठ्या ताईंची मुलगी फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. त्या काळात ताईंनी आपल्या सुट्ट्या साठवून प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी घरी जायचे ठरवले आणि पालकांना महिनाभर आधी कागदावर तारखा लिहून दिल्या. एकाही पालकाने कुरकुर केली नाही. एका पेपरच्या आदल्या दिवशी मी स्वतः चार वाजता सुटून मावशींच्या मदतीला गेले होते. चौदा मुलांची तोंडे पुसून होईपर्यंत माझी कंबर धरली आणि मावशी तोपर्यंत सतरंज्या झटकून उद्याचे तांदूळ निवडायला बसल्या होत्या.

जून महिन्यात मोठी मुले शाळेत जातात तेव्हा तीन-चार जागा रिकाम्या होतात. एरवी यादीत नाव लावून थांबावे लागते. पर्वती, दत्तवाडी, दांडेकर पूल या भागांत अशी घरगुती आणि गटाची पाळणाघरे आणखीही आहेत आणि ती जवळच्या अंगणवाडीत विचारले की कळतात. कोणतेही पाहायला गेलात तर झोळ्या आणि खेळणी पाहून झाल्यावर बायकांना विचारा, की तुमची सुट्टी कोणत्या दिवशी असते आणि त्या दिवशी कोण येते. पाहायला सकाळी दहाच्या आत जाऊ नये, त्या वेळी मोठी मुले दोर धरून वाटेवर असतात. दुपारी चारला जावे. आणि गुरुवारी नको; त्या दिवशी बऱ्याचदा पाणी बंद असते आणि तिघीही पिंपे सांभाळण्यात गुंतलेल्या असतात.